चेहऱ्याच्या कॉस्मेटिक सर्जरीनंतरचे काळेनिळे डाग आणि आर्निका: काय, कधी, कोणत्या क्रमाने

नाकाची, पापणीची किंवा सुरकुत्यांची शस्त्रक्रिया ठरली की एक सल्ला हमखास कानावर येतो: "आर्निका घे, डाग पडत नाहीत." बाटली जवळच्या होमिओपॅथीच्या दुकानात मिळते, गोळ्या गोड असतात, त्यामुळे फारसा विचार कुणी करत नाही. मग कुणी ऑपरेशनच्या सकाळी उपाशीपोटी गोळ्या चघळतं, कुणी ताज्या टाक्यांवर मलम चोळतं. आणि कुणी डोळ्याभोवतीची सूज वाढत असताना "होमिओपॅथीत आधी वाढतं, मग कमी होतं" असं म्हणत रात्र काढतं. ही शेवटची चूक सगळ्यांत महाग पडू शकते. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

खालचे टप्पे चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. तुमच्या सर्जननी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

## सुरुवातीला दोन गोष्टी समजून घ्या

डाग म्हणजे काय. कापताना किंवा हाड हलवताना बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली साकळतं. शरीर ते हळूहळू मोडून उचलून नेतं. त्या मोडण्यातच रंग बदलतात: आधी लालसर-जांभळा, मग निळा-काळा, मग हिरवट, मग पिवळा, शेवटी कधीकधी तपकिरी. साधारण दहा ते चौदा दिवसांत बराचसा डाग ओसरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळट झाक दिसली की आर्निका "लागू पडली" असं म्हणतात, पण ती झाक काहीही न घेता येतेच. दुसरं असं की साकळलेलं रक्त वजनाने खाली उतरतं. नाकाच्या शस्त्रक्रियेचा डाग डोळ्यांखाली येतो, तिथून गालावर सरकतो. फेसलिफ्टचा, म्हणजे चेहऱ्याची कातडी उचलून सुरकुत्या काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, मानेवर उतरतो. डाग नुसता खाली सरकला म्हणजे बिघडलं असं नव्हे.

आर्निकाकडून किती अपेक्षा ठेवायची. फार थोडी. बाटलीवरचं ३० म्हणजे मूळ अर्क दर वेळी शंभरपट पातळ करत तीस वेळा केलेली क्रिया. साधारण बाराव्या वेळेनंतरच मूळ वनस्पतीचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. अभ्यासही फारसे बाजूने नाहीत. २००६ साली फेसलिफ्टच्या २९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या आणि सातव्या दिवशी डागाचं क्षेत्र थोडं कमी मोजलं गेलं, पण रंगात फरक नव्हता, आणि क्षेत्रातली ही घट रुग्णांना किंवा पाहणाऱ्यांना जाणवली नाही. २००७ साली नाकाच्या ४८ रुग्णांवरच्या अभ्यासात सुरुवातीची सूज कमी दिसली, डागांवर फायदा दिसला नाही. २०१० साली वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेत त्याच रुग्णाला एका डोळ्याच्या वेळी आर्निका आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तशीच दिसणारी नुसती गोळी देऊन पाहिली, तेव्हा दोन्हींत फरक आढळला नाही. हे सगळं पाहून माझं मत असं झालं आहे की गोळ्यांमुळे डाग कमी होतील या भरवशावर कोणतीही तारीख ठरवू नये आणि कोणतीही काळजी सोडू नये. तरी घ्यायच्याच असतील, तर निदान त्यांच्यामुळे नुकसान होऊ नये.

## टप्पा १: तारीख ठरवताना (किमान चार आठवडे आधी)

1. लग्न, साखरपुडा किंवा परदेशी परतीचं विमान यांच्या आधी किमान तीन-चार आठवडे मोकळे ठेवा. आखातातून किंवा अमेरिकेतून पुण्या-मुंबईत येऊन शस्त्रक्रिया करून घेणारे अनेक जण सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात तारीख घेतात. तसं करू नका. गुंतागुंत झाली तर ती पाहायला तुमचे सर्जन जवळ हवेत. शिवाय नाकाची बारीक सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं.

2. तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी एका कागदावर लिहा. होमिओपॅथी, आयुर्वेदिक काढे, जिममधली पावडर, व्हिटॅमिनच्या कॅप्सूल सगळं त्यात आलं पाहिजे. "ते औषध थोडंच आहे?" म्हणून गाळलेलंच नेमकं नडतं.

3. हीच यादी होमिओपॅथनाही दाखवा, आणि ते बीएचएमएस पदवीचे, नोंदणीकृत आहेत याची खात्री करा. त्यांनी काय दिलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. नाव नसलेल्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या काळात घेऊ नका. काही झालं तर डॉक्टरांना सांगणार काय?

4. तंबाखू बंद. सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळंच. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम भरत नाही. किमान चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत, हा हिशेब बहुतेक सर्जन सांगतात.

तपासणी: सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही "मी आर्निका घेणार आहे" हे सांगितलं का? सांगितलं नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: बाटली ओळखा

दुकानात "आर्निका द्या" म्हटलं की समोर चार वेगळ्या वस्तू येऊ शकतात. त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

1. ३० किंवा २०० पोटेन्सीच्या (म्हणजे तितक्या वेळा पातळ केलेल्या) साखरेच्या गोळ्या. शस्त्रक्रियेनंतर घेतल्या जातात त्या याच. मधुमेह असेल तर ही साखर आहे हे लक्षात ठेवा.

2. त्याच पोटेन्सीचं द्रव, म्हणजे डायल्यूशन. यात भरपूर अल्कोहोल असतं. तोंडातून किंवा ओठाच्या आतून टाके घातले असतील तर ते थेंब तिथे झोंबतात. गोळ्याच बऱ्या.

3. मदर टिंक्चर, बाटलीवर क्यू. यात वनस्पतीचा खरा अर्क असतो. आर्निका ही युरोपातल्या डोंगराळ भागातली सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. तिच्यातलं हेलेनालिन पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं. हे टिंक्चर पिऊ नका आणि ताज्या जखमेजवळ लावूही नका.

4. जेल किंवा क्रीम. यातही बहुधा खरा अर्क असतो. टाके निघेपर्यंत ते कपाटातच राहू द्या. त्याचा वापर टप्पा ७ मध्ये आहे.

सावधान, गाजरगवत: झेंडू, शेवंती, सूर्यफूल किंवा गाजरगवताने तुमच्या अंगाला खाज, पुरळ किंवा डोळ्यांना सूज येत असेल, तर आर्निकाचं जेल, क्रीम आणि टिंक्चर तुमच्यासाठी नाही. ही सगळी एकाच कुळातली. पुणे-नगरच्या माळरानावर गाजरगवताची ॲलर्जी असलेले लोक कमी नाहीत, आणि नव्या पापणीवर ॲलर्जीची सूज आली तर ती शस्त्रक्रियेची आहे की मलमाची हे ओळखणं अवघड होतं.

आर्निकासोबत लेडम, बेलिस पेरेनिस, हायपेरिकम, स्टॅफिसाग्रिया अशी नावंही सुचवली जातात. चार-पाच बाटल्या एकदम घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. पुरळ आलं तर कशामुळे आलं ते कळणार नाही. होमिओपॅथनी सांगितलेलं एकच घ्या.

## टप्पा ३: दोन आठवडे आधी

डाग खरोखर कमी करणारी गोष्ट म्हणजे रक्तस्राव वाढवणाऱ्या गोष्टी सर्जनना विचारून आधीच थांबवणं, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं.

1. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन यांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ॲस्पिरिनचा परिणाम सात ते दहा दिवस टिकतो. घरातल्या डब्यातल्या डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन असतं आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन. डोकं दुखलं म्हणून सवयीने घेतलेली एक गोळी दोन आठवड्यांच्या पथ्यावर पाणी फिरवते. दुखल्यास काय घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा. बहुधा पॅरासिटामॉल सांगतात.

2. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, जिंको, जिनसेंग या गोष्टीही सर्जन सहसा बंद करायला सांगतात. फोडणीतल्या लसणाला कुणी हरकत घेत नाही. प्रश्न कॅप्सूलचा आहे.

3. रक्तदाब नीट ताब्यात आहे ना ते तपासून घ्या. फेसलिफ्टनंतर कातडीखाली रक्ताची गाठ होण्यामागे वाढलेला रक्तदाब हे मोठं कारण असतं, आणि पुरुषांमध्ये हा धोका जास्त दिसतो.

सावधान: हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने थांबवू नका. थांबवायचं का आणि किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं. डाग टाळण्यापायी हार्ट अटॅक ओढवून घेऊ नये. आणि "आता आर्निका आहे, मग ती गोळी नको" असा अदलाबदलीचा विचार तर मुळीच नको.

## टप्पा ४: आदली रात्र आणि ती सकाळ

भूलतज्ज्ञांनी सांगितलेला उपवास अक्षरशः पाळा. सर्वसाधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद होतं, पण तुमच्या वेळा तेच सांगतील. "नुसत्या चार साखरेच्या गोळ्या" हा अपवाद तुम्ही करायचा नाही. त्या सकाळी घ्यायच्या असतील तर भूलतज्ज्ञांच्या परवानगीनेच, नाहीतर सरळ सोडून द्या. एक मात्रा चुकली म्हणून काही बिघडत नाही.

बाटली हॉस्पिटलच्या पिशवीत, चिठ्ठीसकट ठेवा. सोबत येणाऱ्या माणसाला हा अख्खा लेख नाही, तरी निदान टप्पा ५ मधली धोक्याची यादी वाचायला द्या. त्या रात्री बघणार तेच आहेत.

## टप्पा ५: पहिले ४८ तास

या टप्प्यात आर्निकापेक्षा उशी आणि बर्फ जास्त महत्त्वाचे.

1. डोकं उंच. कंबरेपासून वर उतार होईल अशा उशा लावा. नुसत्या मानेखाली दोन उशा घातल्या तर मान पुढे मुडपते, आणि फेसलिफ्टनंतर ते नको असतं. आरामखुर्ची असेल तर उत्तम.

2. बर्फ, पण कापडातून. जागे असेपर्यंत दर तासाला १० ते १५ मिनिटं. फ्रीजरमधली मटारची पिशवी मऊ रुमालात गुंडाळली की चेहऱ्यावर नीट बसते. नाकावर प्लास्टर असेल तर ते ओलं होऊ देऊ नका. बर्फाचा शेक गालांवर आणि डोळ्यांवर द्या, तोही दाब न देता. फेसलिफ्टमध्ये उचललेल्या कातडीची संवेदना काही काळ गेलेली असते, तिथे बर्फाने कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून तिथे सर्जनना विचारल्याशिवाय बर्फ नको.

3. जोर येईल असं काही नको. वाकून झाडणं, बादली उचलणं, देवापुढे डोकं टेकणं, मुलाला कडेवर घेणं, हे सगळं थांबवा. संडासला कुंथावं लागलं तर चेहऱ्यातला रक्तदाब वाढतो. पहिल्याच दिवसापासून पाणी, फळं आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. नाक शिंकरू नका.

4. गरम काहीही नको. वाफ, गरम शेक, कढत पाण्याने आंघोळ हे सगळं या दोन दिवसांनंतर.

लगेच फोन करा किंवा हॉस्पिटल गाठा:

- एकाच बाजूची सूज झपाट्याने वाढते आहे, ताणून टणक झाली आहे
- औषध घेऊनही दुखणं वाढत चाललं आहे
- पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा पुढे येतो आहे, आतून तीव्र कळ आहे, नजर अंधुक होते आहे किंवा दोन दोन दिसतं आहे. इथे मिनिटं मोजायची असतात. डोळ्यामागे साकळलेलं रक्त दृष्टी घालवू शकतं
- नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर नाक अचानक गच्च बंद होऊन ठणकतं आहे, किंवा ताज्या रक्ताची धार थांबत नाही
- ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंध
- एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे, किंवा धाप लागते आहे

फेसलिफ्टनंतरच्या रक्ताच्या गाठी बहुतेक पहिल्या २४ तासांतच होतात, आणि त्या गोळीने विरघळत नाहीत. सर्जनला उघडून रक्त काढावं लागतं. लवकर काढलं तर सहसा सगळं सुरळीत होतं, उशीर झाला तर वरची कातडी मरू शकते. म्हणूनच "आधी वाढतं, मग बरं होतं" हे वाक्य या दोन दिवसांत घरात कुणालाही म्हणू देऊ नका, मग सांगणारा कितीही मोठा आणि मायेचा असो. वाढणारी सूज ही सर्जनला सांगायची गोष्ट आहे.

याउलट, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लालभडक डाग दिसला पण नजर स्वच्छ आहे आणि दुखत नाही, तर घाबरू नका. फोनवर सर्जनना सांगा. तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो.

तपासणी: सकाळ-संध्याकाळ, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून फोटो काढा. दोन्ही बाजू एका फोटोत याव्यात. काही वावगं वाटलं तर सर्जनना पाठवायला हे फोटो उपयोगी पडतात.

## टप्पा ६: गोळ्या कशा घ्यायच्या

1. मळमळ थांबून पाणी नीट गिळता येऊ लागलं की मगच सुरू करा. नाकाच्या शस्त्रक्रियेत थोडं रक्त पोटात जातं, त्यामुळे उलटी होऊ शकते. त्या वेळी तोंडात काही ठेवू नका.

2. आधी डॉक्टरांची औषधं. अँटिबायोटिक, दुखण्याचं औषध, डोळ्यांचे थेंब वेळेवर. आर्निका त्यांच्यानंतर, अर्ध्या तासाच्या अंतराने.

3. सहसा ३० किंवा २०० च्या चार गोळ्या दिवसातून दोन-तीनदा, थोडे दिवस सांगितल्या जातात. तुमच्या चिठ्ठीवर जे असेल ते. डाग गडद दिसला म्हणून तासातासाला घेऊ नका.

4. हात धुऊन, गोळ्या बाटलीच्या झाकणात घेऊन जिभेवर ठेवा. ओठाजवळ टाके असतील तर चघळू नका, विरघळू द्या.

5. होमिओपॅथीच्या पथ्यात कॉफी, कांदा, लसूण, पुदिना वर्ज्य सांगतात. ते पाळायचं तर पाळा, पण त्यापायी सर्जननी दिलेला माऊथवॉश पुदिन्याच्या वासाचा आहे म्हणून बंद करू नका. तोंडातून टाके असतील तर तो अत्यावश्यक आहे.

6. पुरळ, खाज, ओठांना सूज आली तर थांबवा आणि सर्जनना कळवा.

तपासणी: आर्निका सुरू झाल्यापासून डॉक्टरांच्या एखाद्या गोळीची वेळ चुकली का? चुकली असेल तर आर्निका बंद करा.

## टप्पा ७: तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत

सर्जननी होकार दिला की बर्फाऐवजी कोमट शेक. कापड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे सुखद वाटलं तरच चेहऱ्यावर. बधिर भागावर नको.

घरातल्या घरात हळूहळू चाला. सतत पडून राहिल्याने सूजही रेंगाळते आणि पायांत रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो.

जेल लावायचंच असेल तर टाके निघाल्यावर (चेहऱ्यावरचे बहुधा पाच ते सात दिवसांत निघतात), कातडी पूर्ण मिटल्यावर, आणि सर्जननी पाहिल्यावर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून २४ तास थांबा. मग पातळ थर, टाक्यांच्या रेषेपासून आणि डोळ्याच्या कडेपासून दूर. चोळू नका, फक्त पसरवा. चोळल्याने डाग लवकर जातो ही समजूत चुकीची आहे. ताज्या जखमेच्या आसपास मालिश केली तर रक्तवाहिन्या पुन्हा फुटू शकतात. नाकावर तर अजिबात दाब नको, बसवलेलं हाड सरकेल. चष्मा नाकावर कधीपासून ठेवायचा हेही विचारून घ्या.

मेकअप जखमा मिटल्यावरच. जांभळ्या डागावर पिवळसर किंवा पीच रंगाचा करेक्टर चांगला बसतो, त्यावर नेहमीचा कन्सीलर.

आणि ऊन. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत डाग ओसरल्यावरही काळपटपणा मागे राहू शकतो, आणि ऊन त्याला पक्कं करतं. घराबाहेर टोपी किंवा छत्री, आणि सर्जननी परवानगी दिली की किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. आर्निका घेतली म्हणून उन्हात चालतं असं नाही.

चार आठवड्यांनंतरही डोळ्यांखाली तपकिरी छटा उरली असेल तर गोळ्यांची पोटेन्सी वाढवत बसू नका. तो कातडीत उरलेल्या लोहाचा किंवा वाढलेल्या रंगद्रव्याचा डाग असतो. बराच काळ घेऊन तो आपोआप फिकट होऊ शकतो, नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ त्यावर उपाय सांगू शकतात. दुकानातून गोरेपणाचं क्रीम आणून लावू नका. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असतं, आणि पापणीची पातळ कातडी त्याने आणखी पातळ होते.